लिनक्स की ग्नू/लिनक्स? एका नावाच्या भांडणाचा इतिहास, आपल्या तलासरीच्या शाळेतून



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, किंवा सेव्ह करून रात्री वाचा.

सुरुवात आपल्या चिकूपासून करतो. मुंबईच्या बाजारात आपल्याकडचा चिकू ‘घोलवडचा चिकू’ म्हणूनच विकला जातो. मग तो बोर्डीचा असो, चिखल्याचा असो नाहीतर आणखी कुठल्या वाडीतला. पण भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो, ते ज्या नावाने मिळालं ते नाव आहे ‘डहाणू घोलवड चिकू’. कागदावर दोन नावं, तोंडात एकच. कोणी मुद्दाम डहाणू गाळलं असं नाही. लांब नाव जिभेला नको असतं, एवढंच.

अगदी असंच भांडण कॉम्प्युटरच्या जगात गेली तीस वर्षं चालू आहे. लाखो लोक वापरतात त्या एका सिस्टमला ‘लिनक्स’ म्हणायचं की ‘ग्नू/लिनक्स’? बाहेरच्या माणसाला वाटेल, काय रिकामटेकडे लोक आहेत. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग तलासरीत एक छोटी गोष्ट घडली आणि माझं मत बदललं.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. तलासरी तालुक्यातल्या एका शाळेला मुंबईच्या कोणा भल्या माणसाने आठ जुने कॉम्प्युटर दिले होते. नवीन विंडोज त्यावर ओढत नव्हतं, आणि लायसन्सला पैसे कुठून आणणार? म्हणून मी त्यावर लिनक्स टाकून दिलं. गुरुजींनी उत्साहाने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं : ‘फुकट लिनक्स’. नववीतल्या एका मुलीने विचारलं, “हे कोणी बनवलं?” मी तयार उत्तर दिलं, “फिनलंडच्या एका पोराने. एकवीस वर्षांचा होता, घरात बसून बनवलं.” ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे आपण नुसतं वापरायचं.”

बोलणं तिथेच संपलं. पण घरी येताना उधव्यापासून डहाणूपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण त्या खोलीत दोन चुका झाल्या होत्या. एक पुठ्ठ्यावर, ‘फुकट’ ही. दुसरी माझ्या उत्तरात. आणि दोन्ही चुका त्या नावाच्या भांडणाशी जोडलेल्या आहेत. म्हणून आधी इतिहास सांगतो.

गोष्ट अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुरू होते. तिथल्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. तेव्हा प्रोग्रामर लोक एकमेकांचे प्रोग्राम उघडून बघायचे, सुधारायचे, परत द्यायचे. शेजारणीकडून विरजण आणावं तितकं ते साधं होतं. मग तिथे झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. स्टॉलमनला प्रोग्राममध्ये थोडी सुधारणा करायची होती, जुन्या प्रिंटरला त्याने तशी केलीही होती. पण या वेळी प्रोग्रामची मूळ प्रत मिळाली नाही. ज्याच्याकडे ती होती, त्याने ‘कोणाला देणार नाही’ अशी सही करून दिली होती. प्रिंटर आपला, कागद आपला, अडचण आपली, पण दुरुस्त करायची परवानगी नाही.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमनने जाहीर केलं की तो एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टम नव्याने लिहिणार आणि ती सगळ्यांना मोकळी असणार. तेव्हा मोठ्या कॉम्प्युटरवर युनिक्स नावाची सिस्टम चालायची. ही तिच्यासारखी, पण ती नव्हे. म्हणून नाव ठेवलं ‘ग्नू’. त्याचा विस्तार होतो ‘ग्नू इज नॉट युनिक्स’, ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे. शब्दाच्या विस्तारात पुन्हा तोच शब्द, ही प्रोग्रामर लोकांची गंमत. इंग्रजी बोलणाऱ्यांना ‘ग्नू’ म्हणताना अडखळायला होतं. आपल्याला काय त्याचं? लग्न आणि अग्नी म्हणणाऱ्या जिभेला ग्नू जड नाही.

जानेवारी १९८४ पासून तो नोकरी सोडून या कामाला लागला. १९८५ मध्ये त्यासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था निघाली. पुढे एकेक भाग तयार होत गेला. लिहायला ईमॅक्स. लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा जीसीसी. कॉम्प्युटरला आज्ञा देण्यासाठी बॅश. आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना. या परवान्याचा मतलब सोपा आहे : हे सॉफ्टवेअर वापरा, उघडून बघा, बदला, वाटा, पण पुढे देताना समोरच्यालाही हेच हक्क द्या. स्वतः मोकळं घेऊन दुसऱ्याला कुलूप लावायचं नाही. आपल्याकडे विहिरीच्या पाण्याचा न्याय असतो तसा.

एक भाग मात्र राहिला होता, कर्नल. कर्नल म्हणजे सिस्टमचा गाभा, यंत्राशी थेट बोलणारा प्रोग्राम. टेम्पोच्या भाषेत बोलायचं तर इंजिन. चेसी, चाकं, स्टिअरिंग, गिअर सगळं तयार, इंजिन नाही. ग्नूने १९९० मध्ये ‘हर्ड’ नावाचं स्वतःचं इंजिन बनवायला घेतलं, पण ते लांबत गेलं.

आता फिनलंडचा पोरगा. लिनस टॉर्वाल्ड्स, हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने इंटरनेटवर एक निरोप टाकला. त्याचा आशय असा होता की मी एक मोकळी सिस्टम बनवतोय, नुसता छंद म्हणून, ग्नूसारखं मोठं आणि व्यावसायिक काही नाही. त्याच निरोपात त्याने सांगितलं होतं की बॅश आणि जीसीसी त्याच्या सिस्टमवर चालवून झाले आहेत. म्हणजे पहिल्याच दिवशी, पहिल्याच निरोपात, ग्नूचं नाव त्याने स्वतः घेतलं होतं. इंजिन त्याने बनवलं, पण ते ग्नूची हत्यारं वापरून.

अजून एक गंमत बघा. ‘लिनक्स’ हे नाव जगापुढे आणलं तेही त्याने नाही. त्याला नाव द्यायचं होतं ‘फ्रीॲक्स’. स्वतःच्या नावावरून नाव म्हणजे फारच मिरवल्यासारखं होईल, असं त्याला वाटत होतं. पण ज्याने फाइल ठेवायला सर्व्हरवर जागा दिली त्या ॲरी लेम्केला ‘फ्रीॲक्स’ आवडलं नाही. त्याने फोल्डरला ‘लिनक्स’ नाव देऊन टाकलं. बारशाला बाप बाजूला राहिला आणि आत्याने कानात नाव सांगितलं, तशातलाच प्रकार.

१९९२ मध्ये टॉर्वाल्ड्सने आपलं कर्नल ग्नूच्याच जीपीएल परवान्याखाली दिलं. इंजिन आणि बाकीची गाडी जोडली गेली आणि पूर्ण मोकळी सिस्टम पहिल्यांदा लोकांच्या हातात आली. ती सीडीवर भरून वाटणारे गट आणि कंपन्या निघाल्या. पण सीडीवर नाव छापलं गेलं फक्त इंजिनाचं : लिनक्स.

इथून भांडण सुरू झालं.

स्टॉलमनचं म्हणणं असं की आम्ही १९८४ पासून जी सिस्टम बांधतोय, तिच्यातली एक शेवटची जागा टॉर्वाल्ड्सने भरली. त्याचं काम मोठंच आहे, पण त्यावरून सगळ्या घराला त्याचं नाव का? तेव्हाच्या एका सीडी विकणाऱ्याने आपल्या ‘लिनक्स’ सीडीवरच्या कोडची मोजदाद केली होती. ग्नूचा वाटा भरला साधारण २८ टक्के, सगळ्यांत मोठा. लिनक्स कर्नलचा साधारण ३ टक्के. म्हणून निदान दोन्ही नावं घ्या, ग्नू/लिनक्स म्हणा, असा त्याचा आग्रह.

१९९३ मध्ये इयन मरडॉक याने सुरू केलेल्या डेबियनने ते मानलं आणि अधिकृत नाव ‘डेबियन ग्नू/लिनक्स’ ठेवलं. १९९६ मध्ये ग्नूवाल्यांनी ईमॅक्समध्ये ‘लिग्नक्स’ असा जोडशब्द घालून बघितला. लोक इतके वैतागले की तो लगेच काढावा लागला. बळेच ठेवलेलं नाव टिकत नाही, हे ग्नूवाल्यांनाही कळलं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं, नाहीतर न्याय होणार नाही. टॉर्वाल्ड्सचं म्हणणं साधारण असं, की कोणी ग्नूचा संच करून वाटत असेल तर त्याने आपल्या संचाला ग्नू/लिनक्स जरूर म्हणावं. पण सरसकट सगळ्या लिनक्सलाच ग्नू/लिनक्स म्हणायला लावणं त्याला हास्यास्पद वाटतं. इतर लोक विचारतात, ग्नूच का? पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स प्रणाली एमआयटीतून आली, पर्ल आहे, अपाचे आहे, केडीई आहे. सगळ्यांची नावं घ्यायला बसलो तर लग्नपत्रिकेतल्या ‘आपले नम्र’च्या यादीसारखं होईल. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

आणि नाव म्हणजे पैसाही असतो. १९९४ मध्ये बॉस्टनच्या एका वकिलाने ‘लिनक्स’ हा शब्द आपल्या नावाने ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केला, तो मंजूर झाला आणि मग त्याने कंपन्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली. ज्याने एक ओळ लिहिली नाही, तो नावाचा मालक! कोर्टकज्जा होऊन १९९७ मध्ये तो ट्रेडमार्क टॉर्वाल्ड्सकडे आला. तेव्हा ‘नावात काय आहे’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता आपल्या मातीत येतो. कारण हे भांडण मला खरं समजलं ते आपल्या भिंतीकडे बघून.

लग्नघरात भिंतीवर चौक कोण लिहितं? हो, लिहितं. आपल्याकडे चौक काढत नाहीत, लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मधे पालघट देवी. तो लिहितात सवासिनी. धवलेरी गाणं म्हणते. पिढ्यान् पिढ्या हे बायांचं काम. मग १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी आपल्या पाड्यांवर आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्या कागदावर जे केलं ते जगाने बघितलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. आपल्या सगळ्यांना त्यांचा अभिमान आहे आणि तो राहणारच. त्यांनी भिंतीवरचं काम कागदावर आणलं नसतं तर आज विमानतळावर आणि साडीवर आपली चित्रं नसती.

पण बाहेरच्या माणसाला विचारा, वारली चित्रकला कोणी निर्माण केली? तो एक नाव सांगेल, किंवा नुसतं ‘वारली पेंटिंग’ म्हणेल. चौक हा शब्द त्याच्या कानावर आलेला नसतो. सवासिनी आणि धवलेरी तर नाहीतच. कोणी त्यांच्यावर अन्याय करायचा म्हणून केला असंही नाही. शेवटचं आणि दिसणारं पाऊल ज्याने टाकलं त्याच्याकडे जग बघतं. त्याआधी शंभर वर्षं भिंत सारवणाऱ्या हातांकडे बघत नाही.

याचं नुकसान काय? मानाचा प्रश्न बाजूला ठेवा. खरं नुकसान हे की चौकाचे नियम, तो कधी लिहायचा, का लिहायचा, हे नावाबरोबर गळून जातं. उरते ती डिझाइन. आणि डिझाइन कोणीही उचलतं, बेडशीटवर छापतं. म्हणून तर इथल्याच आदिवासी युवा सेवा संघाला धडपड करावी लागली आणि २०१४ मध्ये ‘वारली पेंटिंग’ला जीआय मिळालं. नाव राखलं तर हक्क राहतो.

ग्नू हे नाव गळालं तेव्हाही हेच झालं. त्या नावाबरोबर एक विचार होता : यंत्र माझं, तर ते उघडायचा हक्क माझा. ‘लिनक्स’ म्हटल्यावर उरते ती हुशार पोराची कहाणी. १९९८ मध्ये तर ‘फ्री’ हा शब्दही कंपन्यांना अडचणीचा वाटेल म्हणून ‘ओपन सोर्स’ असं नवं नाव निघालं. धंद्याला ते सोयीचं पडलं. हक्काची भाषा अजून एक पायरी मागे गेली.

इथे मराठी आपल्या कामाला येते. इंग्रजीत ‘फ्री’ म्हणजे मोफतही आणि स्वतंत्रही. स्टॉलमनची अर्धी हयात हा फरक समजावण्यात गेली. आपल्याकडे दोन सरळ वेगळे शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. रेशनवर कधी काही फुकट मिळतं, ते देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. मुक्त म्हणजे वेठ सुटली. वेठ काय होती हे तलासरी-डहाणूला कोणी शिकवायला नको. १९४५ मध्ये इथले वारली उभे राहिले ते फुकट धान्य मागायला नव्हे, वेठ करणार नाही हे सांगायला. आणि आम्ही शाळेच्या भिंतीवर काय लावलं? ‘फुकट लिनक्स’.

महाराष्ट्रात या नावाची काळजी घेणारे लोक होते आणि आहेत. २००१ मध्ये भारतात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सुरू झालं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथले नागार्जुन जी. यांनी त्या संस्थेचं अध्यक्षपद सांभाळलं. मुंबईच्या जुन्या युजर ग्रुपनेही आपल्या नावात ‘ग्नू/लिनक्स’ असं पूर्ण लिहिलं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं मुख्यालय पुण्यात. तिने २००७ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ नावाची सिस्टम काढली, तिचंही पूर्ण नाव ‘बॉस ग्नू/लिनक्स’ असंच आहे. २००७ मध्येच कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या मराठी शाळेत पोरांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले होते, त्यातही ग्नू/लिनक्सच होतं. पेपरात मात्र त्याचं नाव छापून आलं ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’. म्हणजे किंमत हेच नाव!

आपल्याकडे नाव कसं डोकं फिरवतं याचं अजून एक उदाहरण. २००१ पासून आपण सगळे एमएस-सीआयटी करतोय. कितीतरी जणांना अजून वाटतं की त्यातलं एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्ट. ते ‘महाराष्ट्र स्टेट’ आहे. पण क्लासमध्ये वर्षानुवर्षं विंडोज आणि वर्ड-एक्सेलच गिरवलं, म्हणून नावाचा अर्थच डोक्यात बदलून गेला.

मग मी काय म्हणतो? दर वेळी ग्नू-स्लॅश-लिनक्स म्हणा, नाहीतर तुम्ही अडाणी, असं मी म्हणत नाही. बोलताना मीही लिनक्सच म्हणतो, जसा घोलवडचा चिकू म्हणतो. शिवाय सगळीकडे ग्नू म्हणणं बरोबरही नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स कर्नल आहे, पण ग्नूची सिस्टम नाही. आणि बघा ना, तोच कर्नल असूनही त्या फोनमध्ये तुम्ही काय उघडू शकता, काय बदलू शकता? बहुतेक फोनमध्ये फार थोडं. म्हणजे दोन नावांत फरक आहे आणि तो कामाचा आहे.

माझं म्हणणं एवढंच, की जिथे आपण शिकवतो, जिथे पाटी लावतो, जिथे पहिल्यांदा ओळख करून देतो, तिथे नाव पूर्ण सांगावं. डेबियनसारखी सिस्टम असेल तर ग्नू/लिनक्स. एकदा पूर्ण सांगा, मग काय म्हणायचं ते म्हणा. चौकाचंही तसंच. पाहुण्याला चित्र विकताना एकदा सांगा की हा लग्नाचा चौक, आमच्या आया-आज्या भिंतीवर लिहितात.

कारण नाव नुसता मान देत नाही, ते ऐकणाऱ्याची जागा ठरवतं. ‘परदेशातल्या हुशार पोराने बनवलं’ म्हटलं की आपण घेणारे. ‘हजारो लोकांनी मिळून बनवलं, आणि उघडायचा हक्क सगळ्यांना आहे’ म्हटलं की आपण भागीदार.

पुढच्या खेपेला मी शाळेत गेलो तेव्हा गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांनी जुना पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं : ‘ग्नू/लिनक्स. मुक्त प्रणाली. वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या.’ त्या मुलीला मी माझं आधीचं उत्तर चुकलं होतं हे सांगितलं आणि वर लिहिलेला सगळा इतिहास थोडक्यात सांगितला.

तिने ऐकून घेतलं. मग स्क्रीनवरच्या मराठी मेनूतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. फार जड, पुस्तकी शब्द होता. “आपण असं बोलतच नाही. हा बदलता येतो?”

येतो. त्या मराठी शब्दांची फाइल मी तिला उघडून दाखवली. पुण्या-मुंबईच्या लोकांनी वर्षानुवर्षं बसून ते भाषांतर केलंय आणि फाइलच्या वरच्या ओळींत भाषांतर करणाऱ्यांची नावं लिहिलेली असतात. तिने ती एकेक करून वाचली. यादीच्या खाली जागा आहे.

डहाणू-तलासरीत अजून कुठल्या शाळेत जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले असतील तर सांगा. मी येतो, पेन ड्राइव्ह माझा. पुठ्ठा आणि मार्कर तेवढा तुम्ही ठेवा.

जोहार.